देशोदेशीच्या सुट्ट्यांचे टेबल कॅलेंडर

परदेशांतील सहकाऱ्यांसोबत काम करताना कोणत्या दिवशी कोणाचे कार्यालय बंद असेल हे कळावे, म्हणून घेतलेले हे २०२५ चे टेबल कॅलेंडर वर्षभर वापरल्यावर त्याविषयी लिहीत आहे. तारखेच्या चौकटीत देशाचे नाव आणि पानामागे त्या सुट्टीची माहिती, अशी त्याची रचना आहे. मे महिन्याचे पान मला सर्वांत आवडले. नॉर्वेने १७ मे १८१४ रोजी राज्यघटना स्वीकारली आणि त्या दिवशी तेथे रणगाड्यांऐवजी शाळकरी मुलांच्या मिरवणुका निघतात, ऑस्लोत तर राजघराणे राजवाड्याच्या सज्जातून त्यांना हात हलवून अभिवादन करते, हे त्यात नेमकेपणाने सांगितले आहे. दोन सुट्ट्यांमध्ये अडकलेला कामाचा दिवसही सुट्टीचाच धरणारा जपानचा कायदा वाचून हेवा वाटला. (आम्ही तो दिवस रजा टाकून मिळवतो.)

मात्र संपादनात हयगय झाली आहे. नेदरलँड्सचा राजदिन २७ एप्रिलला असतो, पण त्या तारखेला रविवार आल्यास तो २६ तारखेला साजरा होतो. २०२५ मध्ये नेमके तसेच घडले आणि कॅलेंडरात २७ तारीखच छापलेली होती. चीनमध्ये सलग सुट्टीच्या भरपाईसाठी काही शनिवार-रविवारी काम करावे लागते, त्याचाही उल्लेख नाही. कागद जाड आहे, स्पायरल मात्र ऑगस्टमध्येच निसटली. माहितीसाठी अवश्य घ्यावे, पण बैठकीची तारीख ठरवण्यापूर्वी समोरच्याला विचारून घ्यावे.