ओट्यावरचा डुगडुगणारा नळ: वरून सिलिकॉन, खालून आवळणं की पट्टीच बदलायची?

दगडी ओट्यावरचा सिंकचा नळ हलायला लागला की सल्ले ठरलेले असतात. बुडाभोवती सिलिकॉन भरा, किंवा खाली शिरून नट आवळा. मी दोन्ही करून पाहिलं आणि शेवटी खालची पट्टी, म्हणजे ओट्याखाली दगड आणि नट यांच्यामध्ये बसणारा आधार, बदलून स्वस्थ झालो. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. तरी प्रत्येकाच्या ओट्याखाली परिस्थिती वेगळी असते, म्हणून तिन्ही मार्गांबद्दल लिहितो.

आधी एवढं लक्षात घ्या, की दगड दबत नाही. लाकडी फळीवर नट आवळला की लाकूड थोडं चेपतं आणि पकड बसते. ग्रॅनाइटवर सगळा भार बुडाखालच्या रबरावर आणि खालच्या नटावर येतो. त्यात हल्लीच्या नळांची मान उंच. ३० सेंटीमीटर उंचीच्या नळाचं बूड ५ सेंटीमीटर रुंद असेल, तर वर लावलेला धक्का बुडाच्या कडेशी साधारण बारापट होऊन पोचतो. नळाचं तोंड या भांड्यावरून त्या भांड्यावर फिरवताना हा धक्का रोज बसतो. नट हळूहळू सैल होतो तो यामुळेच.

सिलिकॉनचं आकर्षण मला कळतं. ओट्याखालचं कपाट रिकामं करायला नको, पाठीवर झोपायला नको, पाना शोधायला नको. कडेने पट्टा ओढला, बोटाने सारखा केला की नळ नवा बसवल्यासारखा दिसतो. पण सिलिकॉन घट्ट होतं ते हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत. बुडाखाली दडलेला भाग बराच काळ मऊच राहतो, आणि तेवढा वेळ नळाला हात न लावणं स्वयंपाकघरात जमत नाही. शिवाय ते लवचिक असतं. पाणी अडवायला ते उत्तम. उंच नळाचा जोर पेलणं हे त्याचं कामच नाही. माझ्याकडे मागच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, पट्टा सुटला आणि त्या फटीतून पाणी भोकात उतरत राहिलं. दगड संगमरवरी असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल दगडाला खातं. फिक्या रंगाच्या सच्छिद्र दगडात साध्या सिलिकॉनमधलं तेल झिरपून गडद कड उमटू शकते. नैसर्गिक दगडासाठीचं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, तेच घ्यावं.

नट आवळणं हा खरा पहिला उपाय, आणि पुष्कळांचं काम तिथेच संपेल. नळाच्या बुडातून खाली येणारा आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, ८ मिलीमीटरचा असेल तर साध्या नटाला १३ चा पाना लागतो. लांबट नट असेल तर माप वेगळं असू शकतं. साधा पाना तिथे फिरत नाही. लांब, पोकळ बॉक्स पाना हवा, म्हणजे स्टड त्याच्या पोटात जातो. वरून कुणीतरी नळ सरळ धरून ठेवायलाच हवा. नाहीतर नटाबरोबर अख्खा नळ फिरतो आणि खालच्या पाण्याच्या नळ्यांना पीळ बसतो.

माझं मन या उपायावरून उडालं ते एका बारीक त्रासामुळे. नळाबरोबर येणारी पट्टी घोड्याच्या नालेच्या आकाराची असते, एका बाजूला उघडी. पाण्याच्या नळ्या न सोडता ती आत सरकवता यावी म्हणून तिचा आकार तसा. पण नट आवळताना शेवटच्या फेऱ्यांत ती नटाबरोबर फिरते, आणि तिचं उघडं तोंड कुठे थांबेल ते आपल्या हातात राहत नाही. ज्या बाजूला तोंड, त्या बाजूला आधार नाही. माझ्याकडे ते दर वेळी पुढे किंवा मागे जाऊन थांबायचं. नळ डावी-उजवीकडे घट्ट, पण पाणी सोडायची दांडी वर उचलली की पुढे किंचित मान तुकवायचा. एवढासा झोल, पण दिवसभर हाताला जाणवत राहायचा. पुन्हा आवळला की तो काही दिवस जायचा, आणि परत यायचा.

खाली विजेरी धरून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ३५ मिलीमीटरचं भोक वरून पाडताना दगडाच्या खालच्या कडेचे टवके उडालेले होते. भोकापेक्षा जेमतेम मोठी असलेली ती पट्टी त्या ओबडधोबड कडेवरच टेकत होती. मग कितीही आवळा, ती बसणार कशी? जास्त जोर लावण्यातही धोका आहे. सिंक आणि भिंत यांच्यामधली दगडाची पट्टी अरुंद असते. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही.

म्हणून मी मोठी, पूर्ण गोल पट्टी बसवली. स्टेनलेस स्टीलची, साधारण ७० मिलीमीटर रुंद आणि ३ मिलीमीटर जाड. तिच्या आणि दगडाच्या मध्ये रबर, आणि मुख्य नटावर दुसरा नट, एकमेकांवर आवळलेले. ती टवक्यांच्या पलीकडे सपाट दगडावर टेकते आणि तिला उघडं तोंडच नाही. किंमत मोजावी लागते ती कष्टाची: अँगल कॉक बंद करून दोन्ही नळ्या सोडायच्या, पट्टीतून ओवायच्या, परत जोडायच्या आणि सांधे कोरडे आहेत का ते पाहायचं. कामाचा सगळा कंटाळा इथेच आहे. पण त्या दिवसानंतर दांडी उचलताना नळ हललेला मला जाणवलेला नाही.

हे सगळीकडे जमेलच असं नाही. सिंक ओट्याच्या खालून चिकटवलेला असेल तर त्याची कड आणि भिंत यांच्यात इतकी रुंद पट्टी मावते का, ते आधी मोजा. दगड ३० मिलीमीटरचा असेल तर दुसऱ्या नटापुरते आटे उरतात का, तेही पाहा. जागा कमी असेल तर थोडी मोठी नालच घ्या आणि आवळताना तिला पकडीने धरून ठेवा, म्हणजे फिरणार नाही. स्टडचे आटे गंजून गेले असतील तर यातलं काहीच टिकणार नाही. तेव्हा स्टडच बदलावा, किंवा नवा नळ घेताना समोरासमोर दोन स्टड असलेला पाहावा.

सिलिकॉनला मी बाद केलेलं नाही. नळ खालून पक्का झाल्यावर पाणी अडवायला बुडाभोवती त्याची बारीक रेघ ओढली आहे. फक्त मागे बोटभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे उद्या नळ आतून गळायला लागला तर पाणी तिथून ओट्यावर येईल आणि दिसेल.