डी३ ची कॅप्सूल, सॅशे आणि थेंब: सात महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्याला डी३ ची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची, एक ६०,००० युनिटची कॅप्सूल, असे आठ आठवडे. पुढे महिन्याला एक. हा कोर्स बहुतेकांना ठाऊक आहे. चौथ्या कॅप्सूलनंतर दोन तासांत माझ्या दंडावर आणि पोटावर पित्त उठलं. डी३ सोसत नाही, असं तेव्हा ठरवून टाकलं होतं. सात महिन्यांत तीन प्रकार वापरल्यावर ते मत बदललं आहे.

आधी हिशेब बघा. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६०,००० च्या कॅप्सूलमध्ये जीवनसत्त्व जेमतेम दीड मिलिग्रॅम. बाकी सगळं तेल आणि कवच. तेल बहुधा सोयाबीनचं, काही ठिकाणी शेंगदाण्याचं. कवचात जिलेटिन, ग्लिसरीन, पॅराबेन (टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) आणि सनसेट यलोसारखे रंग असू शकतात. खाज सुटली की संशय आधी यांच्यावर घ्यावा. आणि नेमकं हेच बऱ्याच स्ट्रिपवर नसतं! अनेकदा ‘मान्यताप्राप्त रंग’ एवढंच छापतात. कुठला रंग, कुठलं तेल, हे कळत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने काय करायचं? दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर घटकांची यादी असते आणि औषधाच्या स्ट्रिपवर बऱ्याचदा नसते, हे मला अजिबात पटत नाही.

उपाय एकच: खोक्यावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर बॅच नंबर सांगून तीन प्रश्न विचारायचे. तेल कुठलं? कवचात रंग कुठले? पॅराबेन आहे का? उत्तर लेखी मागा. एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवान्याच्या पूरक आहारावर मात्र घटक आणि ॲलर्जीच्या वस्तू छापाव्याच लागतात, म्हणून आता तिथूनच निवडते.

सॅशे स्वस्त, कवचाची भानगड नाही. पण पुडीत साखर, स्वाद आणि कधी रंगही असतो. शिवाय लोक ती दुधातून घेतात. दूध न पचणाऱ्याचं पोट फुगतं आणि दोष जातो डी३ ला. जेवणानंतर पाण्यातून घेऊन बघा. जेवणात तूप-तेल असलं की शोषणही चांगलं होतं.

मळमळ, डोकं जड होणं हे पित्त उठण्यापेक्षा वेगळं प्रकरण. तिथे मोठा डोस सोसत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रोजच्या १,००० किंवा २,००० युनिटवर जाता येतं. महिन्याला ६०,००० म्हणजे रोजचे सरासरी २,००० च. थोडं महाग पडतं, तरी मला हेच मानवलं.

थेंबांची बाटली घेताना लेबल दोनदा वाचा. एका बाटलीत ४०० युनिट १ मिलिलीटरमध्ये असतात, दुसरीत एका थेंबात. १ मिलिलीटरमध्ये साधारण २५-३० थेंब मावतात. दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर भरून घेतलात तर दहा हजार किंवा त्याच्याही वर जाल. लहान मुलांच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते.

नवा प्रकार सुरू करताना त्याच आठवड्यात कॅल्शियम किंवा दुसरी कुठलीही गोळी नवी सुरू करू नका. तारीख, वेळ, सोबत काय खाल्लं आणि त्रास किती तासांनी झाला, हे लिहून ठेवा. पित्त एकदा उठलं असेल तर पुढचा प्रकार डॉक्टरांना विचारूनच. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर घरी प्रयोग नाही: १०८ लावा, आणि ते उत्पादन पुन्हा तोंडात घालू नका.

सतत तहान, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, उलट्या ही लक्षणं ॲलर्जीची नव्हेत. रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची ती असू शकतात. डी३ थांबवून कॅल्शियम आणि २५-हायड्रॉक्सी डी (रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी) तपासा. उलट, डी फार कमी असताना उपचार सुरू झाल्यावर तोंडाभोवती मुंग्या, हातापायांत गोळे आले तर कॅल्शियम कमी पडत असेल. तेव्हाही तपासणी लगेच. मूतखडा किंवा सारकॉइडोसिस (फुप्फुसांत वगैरे गाठी करणारा आजार) असेल, किंवा थायाझाइड (रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या) वा डिगॉक्सिनच्या (हृदयाच्या) गोळ्या चालू असतील, तर सॅशेसुद्धा केमिस्टकडून परस्पर आणू नका.