विस्टमन्स वूड : कडेवर उभे राहून पाहण्याचे रान

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यातील डार्टमूर राष्ट्रीय उद्यानात, विस्टमन्स वूड नावाचे जेमतेम साडेतीन हेक्टरांचे ओकचे रान आहे. वाकड्यातिकड्या खोडांची आणि हिरव्यागार शेवाळलेल्या धोंड्यांची त्याची छायाचित्रे इतकी फिरली आहेत की डार्टमूरला जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी तिकडे वळतो. मात्र अलीकडच्या काही वर्षांपासून जमिनीची मालकी असलेली डची ऑफ कॉर्नवॉल, म्हणजे ब्रिटिश युवराजाची पिढीजात जहागीर, आणि निसर्गसंवर्धनाची जबाबदारी असलेली नॅचरल इंग्लंड या दोन्ही संस्थांनी पर्यटकांना रानाच्या आत न शिरण्याची विनंती केली आहे. ज्या रानात शिरायचे नाही, ते पाहायला एवढ्या लांब का जावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. माझे मत असे, की अवश्य जावे, ती विनंती निमूटपणे पाळावी, आणि तरीही हात रिकामे राहिले असे वाटणार नाही.

पोहोचण्याची व्यवस्था साधी आहे, पण सोयीची म्हणता येणार नाही. टू ब्रिजेस या छोट्या वस्तीपाशी रस्त्यालगत, जुन्या दगडखाणीच्या जागेत एक छोटा वाहनतळ आहे आणि सुटीच्या दिवशी तो लवकर भरतो. सार्वजनिक बससेवा फारच तुरळक असल्यामुळे एक्झिटर किंवा प्लिमथपर्यंत रेल्वेने येऊन पुढे भाड्याची गाडी घेणे उत्तम. वाहनतळापासून रान सुमारे दोन किलोमीटरवर आहे. सुरुवातीचा टप्पा रुंद आणि सरळ असला, तरी पुढे वाट दगडाळ होते आणि पाऊस झाला असेल तर तिथे चांगलाच चिखल साचतो. प्रिन्सटाउन या जवळच्या गावी वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईकराला हा आकडा नवा वाटणार नाही, पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथे बारा महिने ठिबकत राहतो, हा फरक बुटांच्या तळव्यांना लगेच कळतो. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी या वाटेने नेता येणार नाही. रानापाशी दुकान, स्वच्छतागृह किंवा आडोसा यांपैकी काहीही नाही आणि प्रवेशशुल्कही नाही.

वेस्ट डार्ट नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, उघड्याबोडक्या माळाच्या उतारावर हे रान तीन तुकड्यांत पसरलेले आहे. चहूकडे गवत, मेंढ्या आणि मोकाट चरणारी तट्टे, आणि मधेच एवढीशी झाडी. ती टिकली कशी, याचे उत्तर झाडांच्या पायाशीच आहे. या उतारावर ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा खच पडलेला असून स्थानिक लोक त्याला क्लिटर म्हणतात. धोंड्यांच्या सांदीत पडलेले ओकचे फळ रुजले तर कोवळ्या रोपापर्यंत मेंढीचे तोंड पोहोचत नाही. बाहेरच्या मोकळ्या गवतात रुजलेले रोप मात्र चरण्यातून सहसा वाचत नाही. म्हणजे जिथे दगड संपतात, साधारण तिथेच रानही संपते, आणि ही सीमारेषा कडेवर उभे राहिल्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी आत शिरून कधीच दिसली नसती.

झाडे बहुतांशी साध्या इंग्लिश ओकची आहेत, अधूनमधून रोवन आणि हॉली. वारा, थंडी आणि मातीचा अभाव यांमुळे ती खुरटली आहेत, त्यामुळे बुंध्याकडे पाहून वयाचा अंदाज बांधायला जावे तर हमखास फसगत होते. १८६६ मध्ये वेंटवर्थ बुलर या गृहस्थांनी रीतसर परवानगी काढून यातला एक ओक वय मोजण्यासाठीच तोडला. तो दीडशेहून अधिक वर्षांचा निघाला, आणि त्या उद्योगाची नोंद जवळच्या एका धोंड्यावर कोरून ठेवलेली आहे. झाड तोडून त्याचे स्मारक उभारण्याची ही व्हिक्टोरियन हौस आज वाचताना गंमत वाटते.

पाहण्यासारखे खरे वैभव झाडांवर वाढलेल्या झाडोऱ्यात आहे. कडेच्या एका ओकची फांदी रानाबाहेर, अगदी डोळ्यांच्या उंचीवर झुकलेली होती, तिच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. फांदीची मूळ साल कुठेही दिसत नव्हती. खालच्या अंगाला पाण्याचे थेंब धरून लोंबणारे शेवाळ, वरच्या अंगाला पॉलिपोडी नेच्याची ओळीने उभी राहिलेली पाने, बेचक्यात रुजलेले बिलबेरीचे झुडूप, आणि टोकाकडच्या काटक्यांवर करड्या-हिरव्या लायकेनच्या जटा. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या वर्गात मोडते, तोच जीव. इथे त्याच्या शंभराहून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी केसांसारखी लोंबणारी एक प्रजाती ब्रिटनमध्ये अन्यत्र फारच दुर्मिळ आहे. पश्चिमेच्या दमट हवेवर पोसलेल्या अशा रानांना समशीतोष्ण वर्षावन म्हणतात आणि ब्रिटनच्या एक टक्क्याहूनही कमी भूभागावर ती आता उरली आहेत. या रानाला १९६४ पासून कायद्याचे संरक्षण आहे.

आत न जाण्याचे कारणही याच फांदीवरून समजते. धोंड्यांवरच्या शेवाळाखाली माती जवळजवळ नसतेच, त्यामुळे बूट घसरला की अख्खा पापुद्रा सुटून येतो आणि तो पुन्हा धरायला वर्षे लागतात. आपल्याकडच्या देवराईत काटकीही उचलायची नाही, हा नियम देवाच्या धाकाने पाळला जाई, तर इथे भिस्त केवळ पाटीवरच्या विनंतीवर आहे आणि ती अपुरी पडते. कडेच्या काही धोंड्यांवर उघडा पडलेला करडा दगड आणि आत शिरलेल्या पायवाटांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. एका पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकावर अजूनही शेवाळलेल्या धोंड्यावर ऐटीत बसलेल्या तरुणीचे छायाचित्र छापलेले मी पाहिले, तेव्हा सगळा दोष पर्यटकांच्या माथी मारणेही मला पटत नाही. माझी तक्रार एवढीच, की विनंतीची पाटी रानापाशी भेटण्याआधी, वाहनतळावरच, कारणासह ठळकपणे वाचायला मिळायला हवी. दोन किलोमीटर चिखल तुडवून आलेल्या माणसाला तिथे अडवणे अवघड असते.

डचीने २०२३ मध्ये डार्टमूरसाठी जाहीर केलेल्या आराखड्यात २०४० पर्यंत हे रान दुपटीने वाढवण्याचे उद्दिष्ट आहे. ते साधायचे तर भोवतालच्या चराईला आवर घालावा लागेल आणि तिथल्या पिढीजात मेंढपाळांशी बोलणी करावी लागतील, हा भाग सोपा नाही.

मुले बरोबर असतील तर धोंड्यांवर चढण्याचा हट्ट होणारच. त्यांना रानाच्या वर असलेल्या लाँगाफर्ड टॉर या खडकाळ माथ्यावर न्यावे. तिथे मनसोक्त चढता येते आणि रानाचे तिन्ही तुकडे खाली खोऱ्यात एका नजरेत दिसतात. परतीची वाट माथ्यामाथ्याने धरली तर क्रॉकर्न टॉर लागतो, जिथे एके काळी कथिलाच्या खाणकामगारांची सभा उघड्यावर भरत असे. धुके असेल तर मात्र हा बेत रद्द करून आल्या वाटेनेच परतावे.

हंगामाविषयी सांगायचे तर पानगळीनंतर, पाऊस नुकताच उघडलेला असताना शेवाळाचा रंग सर्वांत खुलतो आणि गर्दीही कमी असते. उन्हाळ्यात दाट पानांमुळे कडेवरून आतले फारसे दिसत नाही. दुर्बीण असल्यास न्यावी, कारण लायकेनचे बारकावे तिच्यातून उत्तम दिसतात. पाण्यात टिकणारे बूट आणि खाण्याचा डबा घ्यावा. उरलेल्या वेळात गाडीने थोड्याच अंतरावरच्या पोस्टब्रिजला जाऊन ग्रॅनाइटच्या अजस्र फरश्यांचा मध्ययुगीन पूल पाहता येतो. त्याच्यावर चालायला मनाई नाही.