जुना डिलक्स रिव्हर्ब घरात वाजवायचा तर अटेन्युएटर घ्यावा की पाच वॅटचा वेगळा अ‍ॅम्प?

व्हॉल्यूमचा नॉब दीडवर असला की अ‍ॅम्प चालू आहे की बंद तेच कळत नाही आणि दोनवर नेला की पलीकडच्या खोलीत झोपलेली मुलगी कूस बदलते. दीड आणि दोनच्या मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात मी जवळजवळ वर्षभर गिटार वाजवली, त्यामुळे खाली जे लिहितोय ते बरंचसं त्या जागेबद्दलच आहे.

अ‍ॅम्प म्हणजे सत्तरच्या दशकातला सिल्व्हरफेस, म्हणजे चंदेरी पॅनेलचा, फेंडर डिलक्स रिव्हर्ब. न्यू जर्सीत आम्ही राहतो ती बिल्डिंग लाकडी सांगाड्याची, भिंती पोकळ, खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. बावीस वॅट ऐकलं की लोक म्हणतात अरे हा तर छोटा, फेंडरचाच मोठा ट्विन रिव्हर्ब असता तर पंच्याऐंशी वॅट असते. कागदावर छोटाच आहे, पण ड्रमरसोबत वाजवताना मला कधी कमी पडलेला नाही, मग बेडरूमचं काय बोलायचं. विकायचा नाही हे नक्की होतं, तो रिव्हर्ब, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमार, आणि तो स्वच्छ आवाज मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. म्हणून दोनच रस्ते उरले, अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे अटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा, बसवायचा किंवा घरासाठी फेंडरच्याच चॅम्पसारखा पाच वॅटचा छोटा अ‍ॅम्प घ्यायचा. मी दोन्ही केलं, आधी छोटा अ‍ॅम्प, कारण तेच सोपं वाटलं.

चॅम्पबद्दल वाईट बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. सेकंडहॅण्ड घेतला, आठ महिने वापरला, आठ-नऊ किलोचा डबा एका हातात उचलून कुठेही ठेवता येतो, आत आवाज वाढवणारी एकच ६व्ही६ पॉवर ट्यूब, आठ इंची स्पीकर, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. घरात कुणी नसताना दुपारी तो सात-आठवर लावला की जो फाटका, गोड, जरासा दमल्यासारखा आवाज येतो तो ऐकून मी खरंच बराच वेळ एकच कॉर्ड वाजवत बसलो होतो. पण अशी दुपार महिन्यातून एकदा मिळते. रोजची वेळ रात्री साडेनऊनंतरची, आणि त्या वेळेला चॅम्पचा नॉब कुठे असायचा, तर परत दीड आणि दोनच्या मधे!

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण हिशोब साधा आहे. वॅट निम्मे केले की आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात म्हणजे वॅट दहाव्या हिश्शावर यायला हवेत. बावीसवरून पाचवर आलं तर फरक पडतो साडेसहा डेसिबलच्या आसपास. स्पीकर लहान असल्यामुळे अजून थोडा कमी होतो हे खरं, तरी घरातल्या माणसांच्या दृष्टीने पाच वॅट हा मोठाच आवाज आहे, छोटा अ‍ॅम्प घेतला की प्रश्न सुटला असं समजून जे पैसे काढतात त्यांनी हा एवढा गुणाकार-भागाकार नक्की करावा.

आता त्या दीड-दोनच्या जागेत नेमका त्रास काय होतो ते नीट सांगतो कारण माझा निर्णय त्यावरच झाला. एक तर जुन्या पॉटची, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागाची, चाल. नखाएवढा फिरवला तरी आवाज उडी मारतो, आज जिथे लावला तिथेच उद्या सापडत नाही, आणि मी गिटारच्या व्हॉल्यूमने आवाज कमी-जास्त करणारा माणूस, म्हणजे नॉबला खाली-वर जागा नसली की माझा अर्धा हातच बांधल्यासारखा होतो. हे चॅम्पवरही तसंच. दुसरं फक्त डिलक्स रिव्हर्बचं, त्याच्या व्हायब्रॅटो चॅनेलच्या व्हॉल्यूम पॉटवर ४७ पिकोफॅरडचा एक छोटा ब्राइट कपॅसिटर कायमचा जोडलेला असतो, त्याला बंद करायचा स्विच नाही. नॉब जितका खाली तितका त्याचा परिणाम जास्त, म्हणजे नेमका घरातल्या आवाजात अ‍ॅम्प पातळ आणि टोचरा वाजतो, ट्रेबल दोनवर आणला तरी वरच्या तारा कानात सुईसारख्या जातात. नॉब चार-पाचवर गेला की तोच अ‍ॅम्प भरीव आणि गोल वाजायला लागतो. नॉर्मल चॅनेलला हा कपॅसिटर नाही पण तिथे रिव्हर्बही नाही, मग कशाला घेतला होता. त्या कपॅसिटरचा एक पाय कापून टाका असं बरेच टेक्निशियन सांगतात, पाच मिनिटांचं काम आहे, पण पन्नास वर्षं कुणी हात न लावलेल्या सोल्डरला आपण हात लावावा असं मला वाटलं नाही. ज्याला वाटतं त्याने जरूर करावं, चुकीचं काहीच नाही त्यात.

अटेन्युएटरने नेमकी हीच अडचण जाते. नॉब साडेचारवर, अटेन्युएटर वीस डेसिबल खाली, म्हणजे स्पीकरकडे जातो तो शंभरावा हिस्सा, आणि गिटारच्या व्हॉल्यूमला परत पूर्ण खेळायला जागा. कल्पना जुनीच आहे, बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनिअर, त्याच्या कंपनीने पॉवर सोक १९८० च्या सुमारास बाजारात आणला होता.

पण सगळे अटेन्युएटर सारखे नाहीत. मी पहिला मित्राकडून आणला तो नुसत्या रेझिस्टरचा होता, आठ-दहा डेसिबलपर्यंत ठीक, त्याखाली गेलं की अ‍ॅम्पवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. खरा स्पीकर अ‍ॅम्पला प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा भार देतो, खाली एका जागी आणि वर ट्रेबलकडे तो भार चढतो, रेझिस्टर मात्र सगळीकडे एकच, त्यामुळे बोटांना अ‍ॅम्प मेल्यासारखा लागतो. नंतर रिअ‍ॅक्टिव्ह घेतला, त्यात कॉइल वगैरे वापरून स्पीकरसारखाच भार तयार करतात, साध्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे गेले पण तो टिकला. हळू आवाजात खालचा आणि वरचा भाग कमी ऐकू येतो तो आपल्या कानाचा स्वभाव आहे, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मधेच दाखवून दिलंय, त्याला कुठलाच डबा पुरा पडणार नाही, मी बास अर्धा नॉब वाढवतो आणि वाजवतो.

तक्रारी यालाही आहेत. अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरची घुंई अटेन्युएटरमधून जात नाही, ती थेट लाकडातून येते, शांत रात्री ऐकू येते. काही अटेन्युएटरमधे पंखा असतो, घरासाठी घेणार असाल तर पंख्याचा शक्यतो टाळा. ६व्ही६ची जोडी जास्त राबते, या अ‍ॅम्पमधे त्यांच्यावर आधीच चारशेच्या वर व्होल्ट असतात, म्हणून मी रोज दहावर लावून ठेवत नाही, साडेचार-पाचवर मला जे हवं ते मिळतं आणि दोन वर्षांत अजून ट्यूब बदलाव्या लागलेल्या नाहीत. शिवाय लाकडी जमिनीतून जाणारा धमका अटेन्युएटर लावूनही थोडा जातोच, अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला तेव्हा कुठे खालच्या आजी म्हणाल्या की आता फक्त टीव्ही बंद असला की ऐकू येतं आणि छान वाटतं.

एक फायदा मी धरलाच नव्हता. मंडळाच्या गणपतीला हॉलमधे वाजवायचं असलं की साउंडवाला दरवेळी आवाज कमी कर म्हणायचा आणि मी परत दोनवर यायचो. आता तिथेही अटेन्युएटर सहा डेसिबलवर ठेवतो, नॉब हलवत नाही.

चॅम्प आता मित्राच्या मुलाकडे आहे, त्यांचं स्वतंत्र घर आहे, तळघर आहे, तो सातवर लावतो आणि कुणाला त्रास नाही. तशी जागा असेल आणि तुम्हाला फाटका आवाजच हवा असेल तर मी सुद्धा चॅम्पच सुचवेन, रिव्हर्ब नाही हे तेवढं लक्षात ठेवून. भिंतीपलीकडे माणसं असतील आणि जुना अ‍ॅम्प घरात आधीच असेल तर मात्र माझ्या अनुभवात दुसरा अ‍ॅम्प घेऊन पहिल्याला कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा अटेन्युएटरचे पैसे जास्त वसूल झाले.

अटेन्युएटर घेण्याआधी ओम बघा, म्हणजे अ‍ॅम्पला किती ओमचा स्पीकर लागतो ते. डिलक्स रिव्हर्ब आठ ओमचा म्हणून मला सोपं गेलं, ट्विन चारचा, आणि सुपर रिव्हर्ब चार स्पीकर पॅरलल असल्यामुळे दोन ओमचा, दोनचा अटेन्युएटर शोधावा लागतो आणि आठचा लावून बघू म्हणून जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर पणाला लावू नका. कोथरूडला माझ्या मावसभावाने इथून नेलेला सुपर रिव्हर्बच आहे, त्याला हाच प्रश्न पडलाय. त्याचं अजून एक, इथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, तिकडे २३० म्हणून व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो चांगल्या क्षमतेचा घ्यावा, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जरा जास्त तापतो, तेव्हा तासाभराने हात लावून बघत जा असं त्याला सांगितलंय. त्याच्याकडे काँक्रीटचा स्लॅब आहे, धमक्याची चिंता माझ्यापेक्षा कमी. दोन ओमचा अटेन्युएटर मिळाला की मी डिसेंबरमधे येताना बॅगेत घालून आणणार आहे.