किडुकमिडूक ठेवायला नाण्यांचा अल्बम: पानं छान, रिंगा रद्दी

संग्राहक जपतात तसली चकचकीत नाणी माझ्याकडे नाहीत. माझी सगळी रस्त्यावरची. टायरखाली चेपलेली, खडीवर घासून आकडा गेलेली, डबक्यात पडून कळकलेली. चालताना दिसलं की वाकायचं आणि उचलायचं, एवढाच छंद. तेव्हा या रिंगवाल्या अल्बमबद्दल जे लिहितेय ते असल्या नाण्यांच्या हिशोबाने वाचा.

आधी प्लॅस्टिक, कारण खरा धोका तिथेच असतो. पाकिटावर ‘पीव्हीसी नाही’ असं छापलंय, पण छापायला काय जातं? पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू बाहेर झिरपतात, प्लॅस्टिक जुनं झालं की आम्लही सुटतं, आणि तांब्याच्या नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. म्हणून एका पानाचा कोपरा कातरला, पाण्यात बुडवला, बोटाने चोळून बुडबुडे घालवले. तुकडा टुणकन वर. पॉलिप्रॉपिलीन हे नाण्यांना न बाधणारं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. पीव्हीसी तळाशी जातं. (पॉलिएस्टरसुद्धा बुडतं आणि ते नाण्यांना उत्तम असतं. त्यामुळे बुडालं की फेका, असं करू नका.) पानांना माझे पैकीच्या पैकी गुण.

कप्पे वरून उघडे आहेत. धड नाणं नीट बसतं, पण वाकडं असलं की पान फुगतं, आणि अल्बम जरा तिरका झाला की नाणं थेट पायावर. यावर उपाय म्हणजे मधे पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन. नाणं आत ठेवायचं, पुठ्ठा दुमडायचा, स्टेपल मारायचं. स्टेपलची टोकं पकडीने चेपून सपाट करा, नाहीतर शेजारच्या पानाला ओरखडे पडतात. चौकोन या कप्प्यात अगदी घट्ट बसतो. शिवाय पुठ्ठ्याच्या कडेवर लिहिता येतं. एकावर माझ्या अक्षरात आहे, ‘बसथांबा, बाकाखाली, लोक बघत होते’. त्या नाण्याची एक बाजू पार गुळगुळीत झालीय, त्यावर वाचण्यासारखं आता तेवढंच.

आत ठेवण्याआधी नाणं कोरडं हवं, आणि हे अल्बमवाले कुठेच सांगत नाहीत. साधं पाणी, साबणाचा थेंब, भिजत ठेवा, घासू नका, मग दिवसभर वाळू द्या. लोहचुंबक जवळ धरून बघा. चिकटलं तर आत बहुधा पोलाद आहे. वरचा मुलामा खरवडला गेला असेल तर कडेने गंज येणारच, अशांना जास्त वाळवा. तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही. निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं, पण तिथे पाऊण भाग तांबं असतं.

आता रिंगा. त्या गोल आहेत. अल्बम भरत आला की पहिली आणि शेवटची पानं रिंगेच्या वळणात अडकतात, चुरगळतात, भोकापाशी फाटतात. एका बाजूने सपाट रिंग असती तर पानं सरळ राहिली असती. एवढी साधी गोष्ट, तीही केली नाही!

आणि सटरफटर? एकुलती एक कानातली, बटणं, किल्लीपासून सुटलेलं लटकन, टाचणी तुटलेला बिल्ला. यातलं काहीही या कप्प्यांत मावत नाही. त्यासाठी छोट्या खणांची झाकणाची डबी घ्या. डबीला रबरबँड मात्र लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. सोबत फुकट आलेलं भिंग तर शोभेचंच. एका कानातल्याच्या तारेवर कोरलेलं ९२५ (चांदीची खूण) त्यातून नुसता ठिपका दिसत होतं, दहापटीच्या भिंगाने ते चांदीचं निघालं. अंगठी किंवा साखळी सापडली तर ती ना अल्बममध्ये, ना डबीत. तिचा मालक शोधायचा.

पाचपैकी साडेतीन तारे. घेणार असाल तर अल्बम काठोकाठ भरू नका आणि आडवा न ठेवता उभा ठेवा. जादा पानं वेगळी मिळतात. भोकांमधलं अंतर आधी पट्टीने मोजा, सगळ्यांचं सारखं नसतं.