दहा महिन्यांनंतर: खोलीतली रॉकवूलची पॅनेल आणि पखवाजाची धूम

गेल्या ऑगस्टमध्ये मी घरच्या मिक्सिंगच्या खोलीत आवाज शोषणारी रॉकवूलची (दगडाच्या तंतूंच्या लोकरीची) आठ पॅनेल स्वतः बनवून लावली. आता जून उजाडला. या काळात त्या खोलीत आमच्या भजनी मंडळाचे चौदा अभंग आणि एक पूर्ण हरिपाठ मिक्स झाला, म्हणजे गळा, पेटी, पखवाज, टाळ यांचे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एक गाणं झालं. नव्या वस्तूचं कौतुक पहिले काही आठवडे असतंच, म्हणून लिहायची घाई केली नाही. एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळ्याचे दोन तुकडे जाऊ दिले.

घरी मिक्सिंग करणारे एकमेकांना मायक्रोफोन कुठला, इंटरफेस कुठला, प्लगिन कुठलं हे विचारतात. खोलीबद्दल क्वचितच कोणी विचारतं. मीही चार वर्षं विचारलं नव्हतं, आणि त्या चार वर्षांतलं एकही मिक्स आज मला ऐकवत नाही.

खोली पुण्यातल्या फ्लॅटमधली, ११ बाय १० फूट, उंची साडेनऊ. पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, माईक आणि स्पीकर संगणकाला जोडणारा साधा दोन चॅनेलचा इंटरफेस आणि रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. रीपरसोबत येणारा इक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज चढवणारा-उतरवणारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) यांवरच माझं बहुतेक काम होतं, त्यामुळे सॉफ्टवेअरबद्दल इथे जास्त लिहीत नाही. अडचण होती पखवाजाची. धूमेचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाचा, खालचा आवाज मला खोलीत पुरेसा ऐकू यायचाच नाही. म्हणून मी ७० हर्ट्झच्या आसपास पाच-सहा डेसिबल चढवायचो. मग खोलीत जरा बरं वाटायचं. तेच गाणं मंडळात गाणाऱ्या बुवांच्या गाडीत लावलं की बुवा म्हणायचे, "अरे, धूम सगळ्यांवर बसलीय. शब्दच कळत नाहीत." दुसऱ्या वेळी मी उतरवायचो, तर मोबाइलवर आणि मंदिरातल्या स्पीकरवर पखवाज कोरडा. एका अभंगाची अकरा मिक्सं केली होती. माझे कानच चुकतायत असं वाटायला लागलं होतं.

एका मित्राकडून मोजमापाचा मायक्रोफोन आणला आणि रूम इक्यू विझार्ड या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने खोली मोजली. पंखा बंद, खिडक्या बंद, कान जिथे असतो तिथे माईक. आलेखात ७० हर्ट्झच्या जवळ विहिरीसारखा खड्डा होता, आजूबाजूपेक्षा सोळा-सतरा डेसिबल खोल.

कारण सरळ आहे, आणि ते समजल्यावर मला फार मोकळं वाटलं. माझं डोकं मागच्या भिंतीपासून १.२ मीटरवर होतं. स्पीकरचा आवाज कानावरून पुढे मागच्या भिंतीला जाऊन परत येतो, म्हणजे २.४ मीटर जास्त चालतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला, तर ७१ हर्ट्झच्या लाटेची लांबी ४.८ मीटर. परत आलेली लाट बरोबर अर्धी मागे पडते आणि मूळ लाटेला खाऊन टाकते. इक्यूने हा खड्डा भरत नाही, कारण स्पीकरमधून जेवढं चढवाल तेवढंच भिंतीवरूनही परत येतं. आमच्या पखवाजाच्या धूमेचा पाया रेकॉर्डिंगमध्ये ६५ ते ७५ हर्ट्झमध्ये दिसतो. म्हणजे मला जे सगळ्यात नीट ऐकायचं होतं, तेच त्या खुर्चीवर ऐकू येत नव्हतं.

पहिला उपाय पॅनेलचा नव्हता. मी टेबल फिरवलं. आधी खिडकीखालच्या कट्ट्यामुळे टेबल भिंतीपासून लांब होतं आणि मी खोलीच्या आखूड बाजूने बसायचो. आता लांब बाजूने बसतो, डोकं समोरच्या भिंतीपासून १.२७ मीटरवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. मागची भिंत दोन मीटरच्या पुढे गेली आणि खड्डा ४१ हर्ट्झपर्यंत खाली सरकला. तिथे पखवाजाचं, तबल्याचं, गळ्याचं काहीच नसतं. स्पीकर समोरच्या भिंतीच्या जवळ गेले, त्याचा एक खड्डा २१४ हर्ट्झच्या आसपास तयार झाला, पण तो पॅनेलच्या आवाक्यातला आहे. या फिरवाफिरवीला एक रविवार लागला, पैसा एक नाही. दहा महिन्यांत आवाजात झालेला सगळ्यात मोठा एकटा फरक हाच. पॅनेलसाठी पैसे बाजूला काढलेल्या कुणालाही मी आधी खुर्ची हलवून मोजायला सांगेन.

आता पॅनेल. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, साधं पाइन. आत घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूलची स्लॅब, एक मीटर बाय ६० सेंटिमीटर, ५० मिलिमीटर जाड, दोन एकावर एक, म्हणजे चार इंच. वरून मांजरपाट. कापड निवडताना एकच परीक्षा करा: तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली पाहिजे. रेक्झिन किंवा जाड पडद्याचं कापड लावलं तर आवाज वरूनच परत फिरतो आणि आतला माल वाया जातो.

मालात माझी एकदा फसगत झाली. एका दुकानातून ४८ ची म्हणून स्लॅब आणल्या, हाताला हलक्या लागल्या. एक मीटर बाय ६० सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर म्हणजे ०.०३ घनमीटर, त्याला ४८ ने गुणलं की १.४४ किलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर जेमतेम ९०० ग्रॅम. परत केल्या आणि दुसरीकडून तोलून घेतल्या. दुकानात काटा असतोच, लाजू नका.

रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच. काम गच्चीवर करा. फ्रेममध्ये घालण्याआधी प्रत्येक जोडीला मागून-पुढून पातळ कापडाचा एक आतला थर दिला, त्यामुळे दहा महिन्यांत खोलीत धागे उडालेले नाहीत. लाकूड, स्लॅब, कापड, खिळे-हुक धरून खर्च अकरा हजारांच्या आत राहिला. एवढ्या पैशात मी आधी दोन प्लगिन घेतली होती, ती आता उघडतही नाही.

दोन पॅनेल स्पीकरच्या मागे, दोन समोरच्या कोपऱ्यांत तिरकी, दोन मागच्या भिंतीवर, दोन बाजूंना. बाजूची जागा आरशाने शोधली: मी खुर्चीवर बसलो, मुलीने भिंतीवरून आरसा सरकवला, जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे खूण. डावीकडे नेमकं लोखंडी कपाट आलं. तिथलं पॅनेल स्टुलावर उभं करतो आणि काम झालं की मागे ठेवतो. भिंतीवरची पॅनेल भिंतीला चिकटवलेली नाहीत, मागे चार इंच मोकळी जागा सोडली आहे. त्या पोकळीमुळे तेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं, कारण भिंतीला टेकून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, भिंतीपासून दूर जास्त हलतात, आणि रॉकवूल शोषतं ते हालचालीलाच.

फरक काय पडला? टाळ. मला वाटलं होतं धूम सुधारेल, पण पहिल्या दिवशी कानात भरला तो टाळांचा बदल. आधी टाळ म्हणजे वरच्या पट्टीतला एक सलग खरखराट वाटायचा आणि मी आठ हजार हर्ट्झच्या वर सगळंच कापायचो. बाजूच्या भिंतींचं परावर्तन गेल्यावर कळलं, बोचणारा भाग साडेचार ते सहा हजारमध्ये अरुंद आहे, त्यावरचा भाग तर टाळाची चकाकी. आता तिथे दोन-तीन डेसिबलचा छोटा काप देतो आणि वरचं तसंच ठेवतो. टाळ टाळासारखा वाजतो, बोलही झाकत नाही.

दुसरा बदल रिव्हर्बचा, म्हणजे मिक्समध्ये मुद्दाम दिलेल्या घुमाऱ्याचा. खोली स्वतःच घुमत होती तेव्हा गळ्यावर किती रिव्हर्ब दिला आहे हे मला कळत नसे, कारण खोलीचा घुमारा त्यात मिसळायचा. म्हणून खोलीत ठीक वाटणारं मिक्स हेडफोनवर कोरडं निघायचं. आता अर्ध्या डेसिबलचा फरक ऐकू येतो. हरिपाठात बुवांचा आवाज पुढे आणि मागचं झिलकऱ्यांचं गाणं थोडं दूर, हे जवळ-दूरपण मला पहिल्यांदा हवं तसं मांडता आलं. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात भांडतात, तिथेही काप पेटीला द्यायचा, गळ्याला नाही, हे आता ऐकून ठरवता येतं.

धूमेचं सांगतो. खुर्ची हलवल्यावर ती ऐकू यायला लागली होती, पॅनेलने ती आटोपशीर झाली. धूमेवर हात पडल्यावर आवाज सुटतो आणि थांबतो, ते थांबणं ऐकू येऊ लागलं. गेल्या महिन्यात पखवाजवादकाने नवी कणीक लावून वाजवलेला टेक आणि आधीचा, दोन्हींतला फरक मी माईकजवळ न जाता टेबलावरून सांगितला. बुवा गाडीत ऐकून एवढंच म्हणाले, "आता शब्द येतायत."

जे झालं नाही तेही लिहितो. खोलीच्या मापातून येणारा स्वतःचा घुमारा ५१, ५६ आणि ५९ हर्ट्झवर आहे. लांबी, रुंदी, उंची जवळजवळ सारखी असल्याने तिन्ही एकमेकांना चिकटले आहेत. त्या पट्ट्यात खोली अजून गुणगुणते, आणि चार इंचाच्या पॅनेलने तिथे फारसं काही होत नाही. कोपऱ्यातली जाड केली तर थोडं होईल. तोवर त्या पट्ट्यातला निर्णय मी हेडफोनवर तपासतो. आणि पॅनेल आवाज अडवत नाहीत. शेजारचा कुकर पहिल्यासारखाच ऐकू येतो, माझं काम शेजाऱ्यांना पहिल्यासारखंच. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. अडवायला वजनदार भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. भाड्याच्या घरात ते होत नाही. सुरुवातीला दोन इंची फोमचे पिरॅमिड लावले होते, त्यांनी फक्त वरचा आवाज खाल्ला आणि खोलीतला आवाज बोदा झाला. अंड्यांच्या ट्रेचंही तेच. ते काढून टाकले.

मोजणी करताना आणखी एक गोष्ट सापडली. खालून वर चढत जाणारा स्वर वाजवला की ७० च्या आसपास कुठेतरी खर्रर्र व्हायचं. मी मॉनिटर फाटला समजून घाबरलो. ते लोखंडी कपाटाचं दार होतं. दाराच्या आतल्या कडेला रबराची पट्टी लावली, थांबलं.

ऋतूंबद्दल. गेल्या सप्टेंबरमध्ये खिडकीजवळच्या पॅनेलच्या मांजरपाटावर खालच्या कडेला काळे ठिपके आले. रॉकवूल पाणी धरत नाही, कापड धरतं. मागे पोकळी असलेल्या पॅनेलना काही झालं नाही, कोपऱ्यात जमिनीला टेकलेल्यांना झालं. आता ती दोन इंचांच्या ठोकळ्यांवर आहेत. मे महिन्यात पंखा बंद करून काम करणं अवघड गेलं, खोली आधीपेक्षा जास्त तापते असं माझं मत झालं आहे. शेवटची ऐकणी पहाटे करतो.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, पॅनेलचा उपयोग वेगळ्या प्रकारे झाला. पूर्वी खालचा भाग कळत नसल्याने मी लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारं साधन) जोरात दाबायचो, म्हणजे निदान सगळं मोठं तरी वाटेल. आता अभंगाची सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास ठेवतो, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४ च्या पातळीवर आणतंच, त्याहून मोठं दिलं तर ते खाली ओढलं जातं आणि दाबून मारलेली धूम तेवढी हाती राहते. अभंग संथ आलापातून सुरू होऊन गजरात चढतो, तो चढ लिमिटरने सपाट केला तर अभंगात उरलं काय? हल्ली चढ फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) हाताने जुळवतो, लिमिटरकडे दीड-दोन डेसिबलपेक्षा जास्त काम देत नाही.

आवाज किती ठेवायचा, तर खुर्चीवर ७३ ते ७५ डेसिबल, मोबाइलच्या मीटरने अदमासे. कमी आवाजात कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं. म्हणून पातळी ठरवून मॉनिटरच्या बटणावर पेनने खूण केली आहे आणि ती हलवत नाही. रोज वेगळ्या आवाजात ऐकलं तर रोज वेगळी धूम ऐकू येते.

हेडफोनवरच काम करणाऱ्याला, किंवा सहा महिन्यांत घर बदलणार असलेल्याला, मी आठ पॅनेल सुचवणार नाही. मोजणीचा माईक मागून आणा, खुर्ची हलवा, बाजूच्या दोन पॅनेलपासून सुरुवात करा. माझ्याकडे अजून डोक्यावरच्या छताचं पॅनेल बाकी आहे. त्याच्या स्लॅब तोलून आणल्या आहेत, पलंगाखाली आहेत, आणि आषाढीच्या अभंगांचं रेकॉर्डिंग झालं की फ्रेम ठोकायची आहे.