कोंबडा लंगडतोय: घरीच बघायचं की परळचा दवाखाना गाठायचा?

मुंबईत पाळलेला कोंबडा लंगडायला लागला की गावाकडून फोनवर सल्ला येतो, 'हळद-तेल लाव'. शेजारचे म्हणतात, 'आता रस्सा कर'. दोन्ही सल्ले पाय न बघता दिलेले असतात, म्हणून आधी पाय बघा.

अंधार पडला की कोंबडा मवाळ होतो. तेव्हा टॉवेलात सैलसर गुंडाळून मांडीवर घ्या. छाती आवळू नका, छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही. मग तळवा, बोटांच्या बेचक्या, नडगीवरचे खवले आणि घोटा बघा. दोन्ही पाय हातात धरून कोणता जास्त गरम लागतो तेही पाहा.

बोटाला केस किंवा मांजा गुंडाळलेला असेल (शहरातल्या कबुतरांची बोटं अशीच झडतात), तर छोट्या कात्रीने तो घरीच कापून काढता येतो. बोट काळं पडलं असेल तर मात्र डॉक्टर.

तळव्याखाली काळी खपली दिसली तर तो बहुतेक बंबलफूट, म्हणजे तळव्याचा जंतुसंसर्ग. आपल्या गॅलऱ्यांमध्ये हा व्हायचाच. खाली टाइल्स, त्यात कोंबडा ग्रिलवरून धप्पकन उडी मारणार. तळव्याला बारीक चीर पडते, तिच्यातून जंतू आत शिरतात. पक्ष्याचा पू वाहत नाही, आत पिवळट घट्ट गाठ होऊन बसतो. त्यामुळे नुसतं मलम वरून चोपडून आतलं काही हलत नाही. खपली लहान आहे, सूज नाही, कोंबडा पाय टेकतोय, तर घरचा उपाय पुरतो: रोज 10-15 मिनिटं एप्सम मिठाच्या कोमट पाण्यात पाय, मग कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन, वर गॉझ आणि सैल पट्टी. सोबत जमिनीवर गोणपाट आणि बसायची दांडी खाली आणा, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा तेच. पाय फुगलाय, गरम लागतोय किंवा बोटांच्या मधून सूज वर आली आहे, तर वेळ न घालवता डॉक्टरकडे. ब्लेडने गाठ उकरायचे व्हिडिओ बरेच फिरतात. ते करू नका. तिथून स्नायूबंध आणि हाड जवळच असतं. डॉक्टर भूल देऊन गाठ काढतात आणि योग्य अँटिबायोटिक देतात.

नडगीवरचे खवले उचकटलेत, पांढरट भुकटी बसली आहे, तर ते बारीक किड्यांचं काम. इथे मी घराच्या बाजूने आहे. साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, मऊ ब्रशने हलकं घासा, मग काही आठवडे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा जाड थर लावत राहा. रॉकेल नको, कातडी भाजते. सोबतच्या कोंबड्यांनाही लावा आणि दांडी धुऊन काढा. आटोक्यात आलं नाही तर आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध, पण ते वजन करून डॉक्टरनेच द्यायचं.

वरून पाय स्वच्छ, तरी एक पाय पुढे आणि एक मागे पसरून पडलाय, वय सहा-सात महिन्यांच्या आत? मरेक या विषाणूच्या रोगाची शंका घ्या. त्यावर औषध नाही. लस पिल्लू अंड्यातून निघतं त्या दिवशीच द्यावी लागते. मान वाकडी आणि हिरवट शी असेल तर राणीखेत हा दुसरा विषाणूचा रोग असू शकतो. दोन्हीत कोंबडा लगेच वेगळा ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. पाय लोंबकळत असेल तर हाड मोडलेलं असू शकतं, तेव्हाही डॉक्टरच. पक्ष्याचं हाड तीनेक आठवड्यांत जुळून येतं, आणि वाकडं जुळलं की वाकडंच राहतं.

दोन्ही पायांचे सांधे सुजलेत? मग खाणं तपासा. बाजारातलं लेयर फीड अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी असतं, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम कोंबड्याच्या मूत्रपिंडावर बसतं आणि मग गाऊट, म्हणजे सांध्यांत युरिक आम्ल साचून येणारी सूज. हातगाडीवरून आणलेलं रंगीत पिल्लू ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायची जात) निघालं तर गोष्ट वेगळी. सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाणाऱ्या त्या देहाला पाय पेलवतच नाहीत, त्याचं खाणं मोजूनच द्यावं.

घरातली पेनकिलर कोणत्याच परिस्थितीत नको. गिधाडं ज्या डायक्लोफेनॅकने मेली आणि ज्यावर जनावरांसाठी 2006 मध्ये बंदी आली, ते पक्ष्यांचं मूत्रपिंड निकामी करतं.

नाक्यावरचे बरेच दवाखाने कुत्रा-मांजरापुरतेच असतात. परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणि तिथेच 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पक्षी बघणारे डॉक्टर कधी असतात ते फोनवर विचारूनच निघा. रिक्षा सायन-वांद्र्यापुढे जात नाही, गर्दीच्या लोकलमध्ये कोंबडा हबकतो, म्हणून टॅक्सी बरी. भोकं पाडलेल्या खोक्यात तळाला टॉवेल घाला, कागदावर पाय घसरतो. आणि निघण्याआधी त्याच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरच्या टेबलावर तो हमखास पुतळ्यासारखा उभा राहतो.